उंबऱ्यापर्यंतचं पाणी

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



२०१५ सालच्या डिसेंबरचा पहिला आठवडा आठवा. एक तारखेला चेन्नईवर पाऊस कोसळला. दक्षिणेकडच्या तांबरमला चोवीस तासांत सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस पडला. चेंबरंबाक्कम तलावातून सेकंदाला २९ हजार घनफूट पाणी सोडावं लागलं आणि अडयार नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. विमानतळ बंद पडला. ‘द हिंदू’चा दोन तारखेचा अंक छापला गेला नाही, १८७८ साली पत्र सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. आपलं सगळ्यांचं लक्ष तिकडे असताना, पाच तारखेला, इंग्लंडच्या वायव्य टोकाच्या कंब्रिया परगण्यावर डेझमंड नावाचं वादळ येऊन धडकलं. तिथल्या हॉनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ब्रिटनमध्ये चोवीस तासांत एवढा पाऊस त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. कार्लाईल शहरातल्या सुमारे दोन हजार घरादुकानांत पाणी घुसलं.

दोन्हीकडे ऐन हिवाळा होता. आणि रात्री दिवे गेल्यावर उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या माणसापुढे दोन्हीकडे एकच प्रश्न होता: आता मी माझ्या घरासाठी काय करू? आज मी फक्त या प्रश्नावर बोलणार आहे. धरणांचे विसर्ग, पूररेषा, नदीपात्रातली बांधकामं यांवर पुष्कळ बोललं जातं आणि बोललं गेलंच पाहिजे. पण मी घरं बांधणारा आणि दुरुस्त करणारा माणूस आहे. पूर ओसरल्यावर लोक मला बोलावतात तेव्हा धोरण ठरवायची वेळ गेलेली असते, भिंती ओल्या असतात आणि कपाटाच्या फळ्या फुगलेल्या असतात. यातलं बरंचसं नुकसान टाळता आलं असतं, हे मला दरवेळी दिसतं आणि दरवेळी वाईट वाटतं.

आधी हिवाळ्याच्या पावसाबद्दल थोडं. आपल्याकडे दसरा झाला की छत्र्या माळ्यावर जातात, त्यामुळे डिसेंबरचा पूर आपल्याला आक्रीत वाटतो. चेन्नईचं तसं नाही. तिथे वर्षाला साधारण १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मान्सूनचा. म्हणजे आपला आषाढ-श्रावण तो त्यांचा कार्तिक-मार्गशीर्ष. शहर सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. पाण्याला जायला उतार नाही आणि ते जिथे थांबायचं त्या पळ्ळिकरणैसारख्या पाणथळ जागा बांधकामांनी गिळलेल्या. इंग्लंडच्या उत्तरेत कारण वेगळं आहे. हिवाळ्यात ऊन नावापुरतं, बाष्पीभवन जवळजवळ नाही, झाडं निष्पर्ण. नोव्हेंबरभर रिपरिप चालली की डोंगरावरची माती पाण्याने भरून जाते. मग अटलांटिकवरून दमट, उबदार हवेचा लांबलचक पट्टा येऊन डोंगराला भिडला की पडलेला थेंबन् थेंब नदीकडे धावतो. २०१५ चा डिसेंबर हा ब्रिटनमध्ये १९१० पासूनच्या नोंदींतला तोवरचा सर्वांत ओला महिना ठरला, तो असा.

कार्लाईलची गोष्ट जरा तपशिलात सांगतो. जानेवारी २००५ मध्ये या शहरात मोठा पूर आला, तीन माणसं गेली. त्यानंतर कोट्यवधी पौंड खर्चून ईडन नदी आणि तिला मिळणाऱ्या कॅल्ड्यू, पेटरिल या नद्यांच्या काठी बांध आणि भिंती उभारल्या. २०१० साली काम पुरं झालं. लोकांनी घरं पुन्हा सजवली, नवे गालिचे घातले, खालच्या मजल्यावर नवी स्वयंपाकघरं केली. पाच वर्षांनी डेझमंडचं पाणी त्या भिंतींच्या वरून गेलं. वॉर्विक रोडच्या परिसरात, जिथे २००५ ला पाणी होतं, तिथेच पुन्हा पाणी. बांध घातले हे चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे लहानसहान पूर बाहेरच राहतात, आणि मोठ्या पुरातही माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. चूक झाली ती घराच्या आत. भिंतीच्या भरवशावर प्रत्येकाने आपलं घर असं सजवलं की जणू पाणी पुन्हा कधी येणारच नाही.

पाणी घरात येतं कुठून? कोणालाही विचारा, तो दाराकडे बोट दाखवेल. पुरानंतरच्या उन्हाळ्यात मी कार्लाईलमधलं एक जुनं, रांगेतलं विटांचं घर पाहिलं. मालकाने दाराला चांगली घट्ट बसणारी फळी केली होती, पुराच्या रात्री ती वेळेवर लावलीही होती. आत पाणी आलं ते पायाजवळच्या विटेतून. तिथल्या जुन्या घरांत जमिनीवर लाकडी तक्तपोशी असते. तिच्याखाली दीडदोन फूट पोकळी आणि त्या पोकळीत हवा खेळावी, लाकूड कुजू नये म्हणून बाहेरच्या भिंतीत अगदी खाली भोकांची वीट बसवतात. बाहेर गुडघाभर पाणी साचलं की ते त्या विटेतून शांतपणे तक्तपोशीखाली शिरतं आणि खालून वर येतं. फळीआडचं दार कोरडं आणि दिवाणखान्यात घोटाभर पाणी. आता त्या विटेवर बसवायची झाकणं मिळतात, पाण्याने आपोआप बंद होणाऱ्या विटाही मिळतात. झाकण मात्र पूर ओसरल्यावर आठवणीने काढावं लागतं, नाहीतर वर्षभरात तक्तपोशीला बुरशी लागते.

दुसरी वाट तर घरानेच करून दिलेली असते. रस्त्याखालचं गटार भरलं की ते उलटं वाहतं आणि शौचालयाच्या भांड्यातून, न्हाणीघराच्या मोरीतून, कपडे धुण्याच्या यंत्राच्या नळीतून वर येतं. नदी कोसभर लांब असली तरी हे घडू शकतं, आणि हे पाणी सर्वांत घाण. यावर उपाय फार सोपा आहे. घरातून बाहेर जाणाऱ्या मैलावाहिनीवर, शेवटच्या चेंबरपाशी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. पाणी बाहेर जाऊ देणारी, आत येऊ न देणारी ती एक झडप. एका प्लंबरचं थोडक्यात उरकणारं काम आहे. आणि वर्षातून दोनदा चेंबर उघडून ती झडप साफ करायची, कारण तिच्यात चिंधी अडकली की ती उघडीच राहते. ज्यांचं घर तळमजल्यावर आहे त्यांनी आज बाकी सगळं विसरलं तरी एवढं लक्षात ठेवावं, अशी माझी विनंती आहे.

वाळूच्या पोत्यांबद्दल लोक हमखास विचारतात. पोती पाझरतात. त्यांच्याआड जाड प्लास्टिकचा कागद टाकला, पोती विटांच्या बांधकामासारखी सांधा चुकवून रचली, तर काही तास बरं काम देतात. पण एक भरलेलं पोतं पंधरा-वीस किलोचं असतं आणि पुराच्या घाणीत भिजलं की नंतर त्याची विल्हेवाट हाच एक उपद्रव होतो. दाराच्या चौकटीला आधीच खाचा करून ठेवलेली, रबरी पट्टीची फळी त्याहून कितीतरी बरी. तीही घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला बसवता आली पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण तो ऐकायला विचित्र वाटतो. एका उंचीनंतर पाणी अडवू नये. स्वतःहून घरात घ्यावं.

हिशेब करून पाहू. भिंतीबाहेर पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीवर दाब येतो. पाणी १ फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ४५ किलो. पाणी ६० सेंटिमीटर झालं की १८० किलो. १ मीटर झालं की ५०० किलो. खोली दुप्पट होते तेव्हा जोर चौपट होतो. पाच मीटर लांबीच्या, मीटरभर पाण्यात उभ्या भिंतीला अडीच टन बळ बाजूने ढकलत असतं. विटांची भिंत वरून येणारं ओझं पेलायला बांधलेली असते. बाजूने एवढा रेटा बसला तर ती तडकते, क्वचित आडवी होते. आणि भिंत पडली तर नुकसान गालिच्याचं राहत नाही.

म्हणून २००७ साली ब्रिटनच्या सरकारने नव्या घरांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात अशी उतरंड आहे: पाणी ३० सेंटिमीटरपर्यंत असेल तर ते बाहेर ठेवा, ३० ते ६० सेंटिमीटरच्या दरम्यान असेल तर भिंत सोसणार असेल तरच बाहेर ठेवा, ६० च्या वर जाणार असेल तर आत येऊ द्या आणि घर असं करा की आलेल्या पाण्याने फारसं बिघडणार नाही. मला या तीन ओळी फार महत्त्वाच्या वाटतात. दारावरची फळी दोन फुटांहून उंच का करू नये याचं उत्तर त्यांच्यात आहे. उंच फळी बनवून देणारे कारागीर मिळतात, मालकाला धीरही येतो. पण त्या फळीमागची भिंत तेवढा भार सोसेल का हे कोणी तपासत नाही.

पाणी आत घ्यायचं ठरलं की घराकडे बघायची नजर बदलते. जिप्समच्या तक्त्यांच्या भिंती पाणी शोषून वर ओढतात. फूटभर पाण्याने तीन फूट तक्ता भिजतो आणि मग तो उपटूनच काढावा लागतो. त्याजागी चुन्याचा गिलावा असेल तर तो भिजतो आणि वाळतो. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची स्वयंपाकघराची कपाटं एका पुरात संपतात. पोलादाची किंवा कडप्प्याची धुऊन पुसून पुन्हा वापरता येतात. विजेच्या तारा जमिनीतून वर आणण्याऐवजी छतातून खाली आणायच्या आणि प्लगची बटणं कंबरेच्या वर ठेवायची. जमिनीवर फरशी, तिला मोरीकडे किंचित उतार. असं घर पुराच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी धुऊन राहण्याजोगं करता येतं. नाहीतर कार्लाईलमध्ये असंख्य कुटुंबं महिनोन् महिने भाड्याच्या घरांत राहिली, तसं होतं.

तिथल्या सरकारने त्या हिवाळ्यानंतर पूरग्रस्त घरांना अशा बदलांसाठी प्रत्येकी ५ हजार पौंडांपर्यंत अनुदान दिलं. २०१६ च्या एप्रिलपासून ‘फ्लड री’ ही व्यवस्था सुरू झाली. पुराचा धोका असलेल्या घरांनाही परवडेल असा विमा मिळावा म्हणून विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली. तिच्यात १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं घेत नाहीत. पूरक्षेत्रात नवं घर बांधायला विम्याने उत्तेजन मिळू नये, हा हेतू. मला तो नियम योग्य वाटतो, जरी त्यात नव्या घरांच्या निरपराध खरेदीदारांवर अन्याय होतो तरीही.

एक पूर असा आहे की त्यापुढे दाराची फळी काहीच करू शकत नाही. २०१३-१४ चा हिवाळा हा इंग्लंड-वेल्सच्या १७६६ पासूनच्या नोंदींतला सर्वांत ओला हिवाळा होता. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या डोंगरांमध्ये भूजल इतकं वर आलं की ते घरांच्या जमिनीतून झिरपू लागलं आणि आठवडेच्या आठवडे झिरपत राहिलं. तिथे जमिनीखाली खड्डा करून त्यात पंप बसवणं एवढाच इलाज. आणि पंप म्हटला की वीज. डेझमंडच्या रात्री लँकेस्टर शहराचं उपकेंद्रच बुडालं, सुमारे ६० हजार घरांत अंधार झाला. बॅटरीशिवाय पंप बसवू नये, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो.

आता चेन्नई. तिथे गोष्ट वेगळ्या तऱ्हेने अवघड आहे, आणि आपल्या जास्त जवळची आहे. तिथल्या बहुतेक नव्या इमारती खांबांवर, खाली पार्किंग. वरवर पाहता उत्तम. पाणी खालून जाईल, माणसं वर सुरक्षित. पण त्याच पार्किंगमध्ये, भिंतीला खांद्याच्याही खाली, सगळ्या इमारतीचे विजेचे मीटर बसवलेले. लिफ्टचा खड्डा तिथे, पाण्याचा पंप तिथे आणि जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी, तिला तिथे संप म्हणतात, तीही तिथेच. तिचं लोखंडी झाकण जमिनीच्या पातळीला. पुराचं गटारमिश्रित पाणी कमरेएवढं साचलं की पहिल्यांदा संप बाटतो, मग मीटर जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या घरात थेंबही शिरलेला नसतो, पण प्यायला पाणी नाही, दिवा नाही, फोन चार्ज नाही, आजींना जिना उतरवायचा तर लिफ्ट नाही. संपाच्या तोंडाला दोन फुटांची गोल भिंत बांधून वर घट्ट झाकण बसवणं आणि मीटरचा तक्ता उंच उचलणं ही दोनच कामं केली असती तर अशा शेकडो इमारतींमधल्या माणसांचे हाल निम्मे झाले असते.

तळमजल्याच्या जुन्या स्वतंत्र घरांची व्यथा निराळी. रस्ता दुरुस्त करताना जुना थर न खरवडता वर नवा डांबराचा थर टाकत गेलं की दहा-वीस वर्षांत रस्ता घराच्या जोत्याच्या वर जातो. एके काळी तीन पायऱ्या चढून जायचं घर आता दोन पायऱ्या उतरून जायचं होतं. मग लोक काय करतात? घर जॅकवर उचलतात. हे काम मी जवळून पाहिलं आहे. हरियाणातल्या कंपन्यांची माणसं येतात. पायाच्या वर सगळ्या भिंतींच्या खाली पोकळी करत जातात, लोखंडी गर्डर सरकवतात, दर दीडदोन फुटांवर एक जॅक लावतात. मग प्रत्येक माणूस आपापले जॅक एका हाकेसरशी एकदम थोडासा फिरवतो. पुन्हा हाक, पुन्हा थोडं. घर इतकं सावकाश वर येतं की बघणाऱ्याला कळत नाही. भिंतीवर खडूने काढलेल्या रेघा पाहिल्या तरच कळतं. तीन-चार फूट उचलून झालं की खाली विटांचं नवं जोतं बांधतात. त्या माणसांच्या हातांतला मेळ पाहून मी थक्क झालो. पण मनाला एक गोष्ट टोचली. शेजारचं घर तसंच खाली राहिलं. भराव घातलेल्या प्रत्येक नव्या अंगणातलं पाणी आता त्या घरात जाणार. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो वर जातो आणि त्याच्या वाट्याचं पाणी ज्याच्यापाशी नाहीत त्याच्याकडे सरकतं. खरा उपाय रस्ता खरवडून मगच नवा थर टाकण्यात आहे, आणि तो रहिवाशांनी मागून घ्यायचा आहे.

इथे बसलेल्या सांगली-कोल्हापूरच्या मंडळींच्या मनात काय चाललं असेल ते मी जाणतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. नदीकाठच्या घरांत पहिल्या मजल्याशी पाणी होतं आणि ते कित्येक दिवस उतरलं नाही. त्या घरांना मी दाराची फळी आणि झडप सांगू लागलो तर ती थट्टा होईल. तिथे वेळेवर बाहेर पडणं आणि कागदपत्रं, औषधं, धान्य आधीच वरच्या मजल्यावर नेऊन ठेवणं, एवढंच. परंतु प्रत्येक पुराला एक कड असते. त्या कडेला गुडघ्याएवढ्या, मांडीएवढ्या पाण्यात उभी असलेली पुष्कळ घरं असतात. आज मी सांगितलेलं सगळं त्या घरांसाठी आहे आणि तेवढ्यांसाठी ते पुरेसं आहे.

पाणी उतरल्यानंतरच्या दोन गोष्टी घाईने सांगतो, कारण त्यांत जीव जातात आणि घरंही. विजेचा मुख्य खटका कोरड्या जागी उभं राहून बंद करता येत असेल तरच बंद करावा. पाण्यात उतरून करू नये. आणि घर वाळवताना घाई नको. भिंतीवर लगेच रंग किंवा नवा सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल कोंडते आणि पुढचं वर्षभर पोपडे निघत राहतात. खिडक्या उघड्या ठेवा, पंखे चालवा, गाळ ओला आहे तोवर काढा, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून ओली असते. आपल्याकडे सणाच्या आधी रंग काढायचा हट्ट असतो. त्या वर्षी तो सोडावा.

शेवटचं म्हणजे शेजार. कार्लाईलच्या त्या रांगेतल्या घराने नंतर सगळं केलं: आपोआप मिटणाऱ्या विटा, झडप, फळी. तरीही मालकाची काळजी संपली नव्हती, कारण शेजारचं घर भाड्याने दिलेलं होतं आणि दूर राहणाऱ्या त्या घरमालकाने काही केलं नव्हतं. दोन घरांमध्ये सामाईक भिंत. शेजारच्या तक्तपोशीखाली पाणी भरलं की ते त्या भिंतीच्या सांध्यांतून इकडे येणार. रांगेतल्या घरांत एकट्याने कोरडं राहता येत नाही. इमारतीतही नाही. मैलावाहिनी सगळ्यांची एक, मीटरचा तक्ता सगळ्यांचा एक, संप सगळ्यांचा एक. म्हणून माझं मागणं घरमालकांइतकंच गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांकडे आहे. तुमच्या येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर, रंगकामाच्या आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या आधी, तीन विषय घाला: मैलावाहिनीची झडप, टाकीच्या तोंडाची उंची आणि मीटरचा तक्ता किती फुटांवर आहे तो. सभेला जाण्याआधी टेप घेऊन खाली उतरा आणि हे तिसरं माप स्वतः घ्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या ज्या आजी पाचव्या मजल्यावर राहतात त्यांना सभेत पहिल्यांदा बोलू द्या, कारण पूर आला तर लिफ्ट आधी त्यांच्यासाठी बंद पडते. आणि हे काम मे महिन्यापर्यंत पुरं करा. चेन्नईत कोणी नातलग असतील तर त्यांना सप्टेंबरपर्यंतची मुदत आहे, तेही आज रात्री फोन करून सांगा.